गाडीला खर्ज हवा असेल तर सायलेन्सर काढू नका, बदला

प्रश्न थोडक्यात असा: २०२१ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, चार सिलिंडरची. पुण्यात रोज ऑफिसची ये-जा, अधूनमधून साताऱ्याकडे गावी फेरी. गाडी पळते छान, पण आवाज मिळमिळीत वाटतो. जरा भारदस्त, बसका आवाज हवा आहे. ओळखीच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, मागचा डबा, म्हणजे सायलेन्सर, कापून सरळ पाइप टाकू, दोन-तीन हजारांत काम होईल, आणि कॅट-कॉन (धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) पोकळ केला तर पिकअपही वाढेल. करावं का?

या पद्धतीने तर नकोच. मी एक्झॉस्टचं फॅब्रिकेशन करतो, ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्यांना मोठ्या आवाजाच्या लाइनी (इंजिनापासून मागच्या टोकापर्यंतचे धुराचे पाइप आणि डबे) बनवून देतो, त्यामुळे आवाजाचं वावडं असलेला माणूस बोलतोय असं समजू नका. पण गॅरेजवाला जे देऊ करतोय त्यात आवाज मोठा होईल, खोल होणार नाही. बहुतेक गिऱ्हाइकं इथेच फसतात. सायलेन्सर काढला की बाहेर येतो तो खर्ज, त्याच्या डोक्यावर बसलेली किरकिर आणि पातळ पाइपाचा थरथराट, सगळं एकदम. खर्ज ऐकू यायला वरची किरकिर कापावी लागते, आणि ती कापायचं काम सायलेन्सरच करतो.

आधी तुमच्या इंजिनाचा स्वतःचा सूर कोणता ते बघू, कारण तो कुठल्याही सायलेन्सरने बदलत नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. चार सिलिंडर म्हणजे दर फेरीला दोन ठोके. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेऱ्या मारतो, म्हणजे १०० ठोके, म्हणजे १०० हर्ट्झचा सूर. २०२४ साली आलेल्या नव्या स्विफ्टमध्ये तीन सिलिंडरचं इंजिन आहे. तिथे त्याच आरपीएमला ७५ ठोके पडतात, म्हणून तिचा आवाज मुळातच जरा जाड आहे. जुनी बुलेट एका सिलिंडरची. आयडलला ८०० आरपीएम धरले तर तिचे सेकंदाला सातसुद्धा ठोके होत नाहीत, त्यामुळे कान तो सूर म्हणून ऐकतच नाही, एकेक सुटा ठोका ऐकतो. ती डुगडुग चार सिलिंडरच्या इंजिनातून काढायला जाल तर पैसे आणि शेजारी दोन्ही जातील. आणि रील्समध्ये जिचा गुरगुराट ऐकून सगळे माझ्याकडे येतात त्या अमेरिकन मस्टँग जीटीचं गणित आणखी निराळं. त्या व्ही-८ च्या, म्हणजे दोन बाजूंना चार-चार सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या, क्रँकची ठेवणच अशी असते की एकेका बाजूच्या चार सिलिंडरांचे ठोके समान अंतराने पडत नाहीत. दोन लागोपाठ, मग खंड. तो अडखळता गुरगुराट क्रँकमधून येतो. पाइप वाकवून तो मिळत नाही.

मग आपल्या हातात काय उरतं? मूळ सुराच्या वर चढलेले सूर. १०० हर्ट्झच्या डोक्यावर २००, ३००, ४०० असे जिने चढत जातात, आणि त्यावर वायूच्या घर्षणाची फुसफुस. आपला कान १०० हर्ट्झला मंद असतो आणि दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात भलताच तिखट. म्हणून सरळ पाइप लावला की खर्ज वाढलेला असूनही कानाला आधी जाणवतो तो चिरकेपणा. वरचे सूर गिळून खालचे तेवढे सोडले की तीच गाडी, तेवढ्याच जोराने वाजत असूनही, जाड वाटू लागते.

यात एक फायद्याची गोष्ट आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. कायद्याचा डेसिबलमीटर आवाज कानाच्या तिखटपणाप्रमाणे तोलून मोजतो; त्या मोजमापाला डेसिबल-ए म्हणतात. या तोलात १०० हर्ट्झचा आवाज सुमारे १९ डेसिबलने कमी धरला जातो, आणि दोन-तीन हजार हर्ट्झचा मात्र पुरेपूर, किंबहुना किंचित जास्तच. म्हणजे निव्वळ खर्ज वाढवला तर मीटरवर फरक थोडा पडतो. किरकिर वाढवली की काटा लगेच उडी मारतो. तुम्हाला हवा असलेला आवाज आणि नियमात बसणारा आवाज यांची दिशा सुदैवाने एकच आहे.

आता गाडीखाली काय काय असतं ते बघा. इंजिनाला मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र आणणारा पाइप), त्याला लागूनच कॅट-कॉन. बीएस-६ पेट्रोल गाड्यांत तो लवकर तापावा म्हणून इंजिनाच्या अगदी जवळ बसवतात. त्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर, नंतर एक. पुढे जाळीदार लवचीक तुकडा, ज्याला आम्ही बेलो म्हणतो. इंजिन हलतं तो धक्का मागे जाऊ नये म्हणून. मध्ये एक लहान डबा, तो रेझोनेटर. शेवटी मागच्या बंपरखाली मोठा डबा. बाजारात सायलेन्सर म्हणतात तो हाच.

मोठ्या डब्यात कंपनी आडव्या पडद्या घालून तीन-चार खोल्या करते. वायू एका नळीतून एका खोलीत, तिथून उलटा दुसरीत, असा फिरत बाहेर पडतो, आणि लाटा एकमेकींवर आपटून मरतात. हा प्रकार खालचे सूरही मारतो, म्हणून गाडी गप्प असते. दुसरा प्रकार सरळ आरपार जाणारा: मध्ये भोकाभोकांची नळी, तिच्याभोवती काचेची लोकर किंवा बेसॉल्टचा धागा घट्ट भरलेला, वर कवच. वायू सरळ जातो. वरचे सूर भोकांतून लोकरीत शिरतात आणि तिथेच उष्णता होऊन संपतात. खालच्या सुरांची लाट काही मीटर लांब असते, तिला हातभर लोकरीने फारसा फरक पडत नाही. ती निघून जाते. आपल्याला हवंय ते नेमकं हेच. डबा जितका लांब आणि लोकरीचा थर जितका जाड, तितकी किरकिर जास्त खालपर्यंत कापली जाते.

त्यामुळे मागचा डबा बदलायचा तर सरळ आरपारचा, अंगाने लांब आणि जाड. बंपरखाली मावेल तेवढा मोठा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ॲक्सेसरीच्या कुठल्याही दुकानात जो चकचकीत, वीतभर लांबीचा, मनगटापेक्षा जाड तोंडाचा डबा टांगलेला असतो, तो नव्हे. त्यावर एखाद्या जपानी कंपनीचं नाव कोरलेलं असेल, पण घेण्याआधी टॉर्च मारून आत बघा आणि बोट घाला. आतली भोकं नळीला लंब आणि गुळगुळीत असली तर ठीक. पत्रा कापून उचललेले कल्ले असले तर त्या कल्ल्यांवरून वायू जाताना शीळ घालतो. डबा उलटा बसवला तर आणखीच. हातात घेऊन हलवा: आत काही सरकल्याचं जाणवलं तर लोकर मूठभरच आहे, आणि ती एका मोसमात उडून जाईल. मग उरेल रिकामा पत्रा. नवीन असताना झकास वाजणारी लाइन वर्षभरात कर्कश होते, यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

रेझोनेटर जागेवर राहू द्या. गिऱ्हाईक म्हणतं, तो छोटा डबाही काढा, अजून खुलेल. खुलेल नाही, फाटेल. मधला रेझोनेटर खास चिरक्या पट्ट्यासाठीच दिलेला असतो. जागा असेल तर मी उलट मधला डबा थोडा लांब करायला सुचवतो.

पाइपच्या व्यासाबद्दल फार घोळ आहे. जाड पाइप म्हणजे जाड आवाज, असा सरळ हिशोब लोक करतात. तुमचं इंजिन १.२ लिटरचं, ९० अश्वशक्तीच्या आसपासचं. त्याला दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर, ही माझ्या मते वरची हद्द. अडीच इंची टाकलात तर वायूचा वेग मंदावतो, आयडलला पोकळ घुमतं आणि आरपीएम वाढले की डोकं उठतं. ताकद वाढत नाही. 'इंजिनाला बॅकप्रेशर (धुराच्या वाटेत अडथळ्याने येणारा उलटा दाब) लागतं' असं जे सर्रास बोललं जातं तेही खरं नाही. अडथळा कोणत्याच इंजिनाला नको असतो. लागतो तो वायूचा वेग, कारण धावत्या वायूची शेपूट सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते. पाइप गरजेपेक्षा रुंद केला की हा वेग जातो आणि शहरातल्या कमी आरपीएमला गाडी सुस्त वाटते. मग म्हातारे मेस्त्री म्हणतात, बघ, बॅकप्रेशर गेलं. निरीक्षण बरोबर, कारण चूक.

पिकअपचं बोलायचं तर टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं चाक) नसलेल्या छोट्या इंजिनात कॅट-कॉनच्या मागची लाइन बदलून जाणवण्यासारखं काहीही मिळत नाही. आवाज वाढला की पाय आपोआप जास्त दाबला जातो आणि गाडी सुटल्यासारखी वाटते, इतकंच. टर्बो गाडीत फरक पडू शकतो, पण तिथे आवाजाचा मामला उलटा: टर्बोचं चाक वायूच्या ठोक्यांची धार आधीच बोथट करतं, त्यामुळे तिचा मागचा डबा थोडा खुला केला तरी ती शिष्टपणे वाजते. पोलो टीएसआयवाले म्हणूनच लवकर खूश होतात.

आता जिथे खरी पंचाईत होते तिथे येतो: हायवेवरचं घुमणं. शहरात फिरताना नवी लाइन गोड वाटते. मग एक्स्प्रेसवेला पाचव्या गिअरमध्ये एका वेगाला गाडी स्थिर केली की केबिनमध्ये घूंऽऽ असा दाब बसतो. कान दडपतात, गाणं ऐकू येत नाही, मागच्या सीटवर बसलेली आई दहा मिनिटांत कपाळ धरते. बाहेरच्या माणसाला यातलं काही ऐकू येत नाही. इंजिनाचा त्या आरपीएमचा सूर आणि केबिनच्या हवेचा स्वतःचा सूर जुळला की असं होतं, आणि हॅचबॅकमध्ये हे हमखास होतं, कारण डिकी आणि केबिन एकच खोली असते. सरळ पाइप लावून गेलेले लोक परत येतात ते पोलिसांमुळे कमी, आणि या घुमण्यामुळे जास्त.

यावर इलाज आहे, आणि तो डबा बदलण्याचा नाही. मुख्य पाइपाला एक बंद तोंडाची फांदी काढायची. लाट त्या फांदीत शिरते, बंद टोकावर आपटून परत येते, आणि फांदीची लांबी लाटेच्या पाव असेल तर परतणारी लाट बरोबर उलटी होऊन मुख्य लाटेला मारते. आमच्याकडे हे कसं होतं ते सांगतो, म्हणजे तुमचा गॅरेजवाला खरंच करतोय की नुसती शोभेची शेपटी जोडतोय ते कळेल. आधी गाडी हायवेवर नेऊन जिथे कान दडपतात तो आरपीएम टिपायचा, बरोबर फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारं फुकट ॲप लावायचं. समजा २५५० आरपीएमला घुमतंय. २५५० भागिले ६० म्हणजे साडेबेचाळीस फेऱ्या, दुप्पट ८५; आलेखावरही ८५ हर्ट्झलाच सुळका दिसायला हवा. नसेल तर ते घुमणं एक्झॉस्टचं नाही, कुठेतरी पाइप बॉडीला टेकलाय. ते आधी बघा.

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पण तापलेल्या वायूत बराच जास्त. गाडीच्या मागच्या भागात वायू अडीचशे अंशांच्या आसपास असेल तर मी ४५० धरतो. ४५० भागिले ८५, त्याचा पाव: सुमारे १.३२ मीटर. पहिल्या झटक्यात हे अचूक बसत नाही, कारण तापमानाचा अंदाज कधी बरोबर येत नाही. म्हणून फांदी थोडी लांब ठेवायची आणि टोकाला आतबाहेर सरकणारी टोपी बसवून क्लॅम्पने आवळायची. गाडी फिरवायची, टोपी एक-दोन सेंटिमीटर सरकवायची, पुन्हा फिरवायची. घुमणं बसलं की तिथे खूण करून टोपी वेल्ड करायची. सव्वा मीटरचा पाइप हॅचबॅकखाली सरळ मावत नाही, तो स्पेअर व्हीलच्या खड्ड्याला वळसा घालून नेतात. वळणाने काही बिघडत नाही. जागा मात्र महत्त्वाची. अगदी शेवटच्या तोंडाजवळ फांदी काढली तर उपयोग शून्य, कारण उघड्या तोंडाशी लाटेचा दाब नसतोच. आणि ही फांदी दोन-तीनशे आरपीएमच्या पट्ट्यातच काम करते. म्हणून ज्या वेगाने तुम्ही रोज जाता तो वेग धरून ती कापायची.

हे काम दोन-तीन हजारांत होत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

धातूबद्दल. साध्या लोखंडी पाइपाची लाइन स्वस्त पडते, पण आपल्या पावसाळ्यात आणि त्यातही मुंबई-कोकणच्या हवेत ती लवकर खाल्ली जाते. गंज बाहेरून कमी, आतून जास्त लागतो: पेट्रोल जळल्यावर पाणी तयार होतं, आणि ऑफिस जवळ असेल तर लाइन नीट तापण्याआधीच गाडी बंद होते, पाणी डब्यात राहतं. कंपनीच्या डब्याला तळाशी बारीक भोक असतं ते याचसाठी. ते गळतंय म्हणून बुजवू नका, आणि नव्या डब्यालाही करून घ्या. स्टेनलेसमध्ये ४०९ आणि ३०४ असे दोन पर्याय येतात. कंपन्या बहुतेक ४०९ वापरतात. त्याला लोहचुंबक चिकटतो, वरून तांबूस पडतं पण वर्षानुवर्षं टिकतं. ३०४ ला चुंबक सहसा धरत नाही, चमक राहते, भाव जास्त. कोणी ३०४ सांगून पैसे घेत असेल तर खिशात चुंबक ठेवा.

३०४ तापल्यावर फार पसरतं. तीन मीटरची लाइन चारशे अंशांनी तापली तर दोन सेंटिमीटरने लांबते. थंड असताना बोटभर जागा सोडून बसवलेली लाइन घाट चढल्यावर बंपरला किंवा मागच्या ॲक्सलला का टेकते, ते यावरून कळेल. लाइन टांगून ठेवणाऱ्या हँगरचे रबर कंपनीचेच ठेवायचे आणि थंड लाइनला मागे सरकायला वाव ठेवूनच आवळायचं. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते. तिच्या बाजूचा उष्णतेचा पत्रा काढून 'जागा केली' असं कोणी म्हणालं तर काम तिथेच थांबवा.

वेल्डिंग टिगनेच, म्हणजे आर्गॉन वायूच्या आडोशात होणाऱ्या वेल्डिंगने. स्टेनलेसला साधा रॉड मारला तर जोड वरून धरतो, पण आतून काळा, दाणेदार फोड येतो आणि तिथूनच तडा जातो. चांगला कारागीर पाइपच्या आतही आर्गॉन सोडतो. तसं करतोस का, एवढं विचारलं तरी समोरचा किती पाण्यात आहे ते समजतं. बेंड मशीनवर आत गोळा घालून वाकवलेले हवेत, दाबून चेपलेले नकोत. आणि गाडीवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळच. नाहीतर इसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, खर्च लाइनपेक्षा जास्त व्हायचा.

जोड गळका राहिला तर दोन त्रास. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आसपास गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, इसीयू जास्त सोडतो, ॲव्हरेज बसतं. मागे गळती असेल तर कार्बन मोनॉक्साइड डिकीखाली साचतो आणि केबिनमध्ये शिरतो. त्याला वास नसतो. म्हणून टोक नेहमी बंपरच्या कडेपर्यंत तरी आलेलं असावं, बंपरखालीच सोडून दिलेलं नको.

कॅट-कॉनचं. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात. 'पोकळ करून देतो' म्हणणारा आतला मधाच्या पोळ्यासारखा दगड ठेवून घेतो आणि तो भंगारात विकतो, हा त्याचा धंदा. तुमच्या पदरी काय पडतं? मागचा सेन्सर ओरडतो, डॅशवर इंजिनाचा दिवा लागतो, पीयूसीच्या तपासणीत गाडी नापास होऊ शकते, आणि सडक्या पेट्रोलचा वास गाडीभर. आवाज वाढतो, पण फक्त चिरका पट्टा. कॅट-कॉनमधल्या हजारो बारीक नळ्या स्वतःच एक छान रेझोनेटर असतात, त्या काढून खर्ज कसा वाढेल? ट्रॅकच्या गाडीची गोष्ट वेगळी. रस्त्यावरच्या गाडीचा कॅट-कॉन मी काढत नाही, मग गिऱ्हाईक ओळखीचं असो की नवीन.

ॲक्सिलेटर सोडल्यावर फटाके वाजावेत अशीही मागणी हल्ली असते. ते सायलेन्सरचं काम नाही, इसीयूचं आहे: इग्निशन मुद्दाम उशिरा करून जास्तीचं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाळायचं. म्हणजे तुमच्या पैशाचं पेट्रोल तुमच्याच कॅट-कॉनमध्ये पेटवायचं. त्याने तो वितळूही शकतो.

कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ (४) खाली परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम १९० (२) आवाज आणि प्रदूषणाचं: पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने बाद. कारसाठी आवाजाची प्रमाणित मर्यादा ७४ डेसिबल-ए आहे, तीही साडेसात मीटर अंतरावरून जाणाऱ्या गाडीची. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून वरून रोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील; त्यात बहुतेक बुलेटचे असतात, पण कारला सूट आहे असा त्याचा अर्थ नव्हे. रस्त्यातला हवालदार मीटर काढून मोजेलच असं नाही, तो टोक बघतो आणि कानाने ठरवतो. मोठं, रंगीत, निळसर जाळलेलं टोक म्हणजे आपण होऊन दिलेलं आमंत्रण. विम्याचंही ध्यानात ठेवा: न कळवलेला बदल सर्व्हेअरच्या नजरेस आला की क्लेममध्ये वाद घालायला कंपनीला जागा मिळते.

म्हणून तुमच्या स्विफ्टसाठी माझा कल असा. कॅट-कॉन, बेलो, रेझोनेटर सगळं कंपनीचं. मागच्या डब्याच्या जागी ३०४ चा सरळ आरपार, मावेल तितका लांब डबा, आत लोकर नीट दाबून भरलेली, पाइप पावणेदोन इंची, फार तर दोन. टोक मूळच्याच मापाचं, बंपरच्या कडेबरोबर. घुमणं आलंच तर फांदी. काम झाल्यावर मीटर लावून, एकाच जागी, एकाच आरपीएमला आधीचा आणि नंतरचा आकडा घ्या, आणि तो मूळच्या आकड्याला धरूनच राहायला हवा. दोन-तीन डेसिबलच्या वर गेला तर डबा परत उघडून लोकर वाढवायला सांगा. तरीही लक्षात घ्या, मूळ डबा बदलला की कायद्याच्या नजरेत तो बदलच. आकडा कमी आला म्हणून कोणी लेखी परवानगी देत नाही. तो धोका घ्यायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवायचं. घ्यायचा नसेल, आणि आवाज मुख्यतः तुम्हालाच ऐकायचा असेल, तर एक वाट आहे जी लोक विसरतात. इंजिनाच्या आत जाणारी हवाही वाजते. एअर फिल्टरच्या खोक्याला जोडलेला पोकळ रेझोनेटर बऱ्याच गाड्यांत असतो, तो हाच आवाज दाबायला. तो बाजूला केला की ॲक्सिलेटर दाबल्यावर बॉनेटखालून जाड हुंकार केबिनमध्ये येतो, स्थिर वेगाला गप्प होतो, आणि मागच्या रिक्षावाल्याला पत्ताही लागत नाही. हाही बदलच, पण त्याच्या पाठीमागे शेजारी लागत नाहीत. फक्त हवेचं तोंड खाली बंपरपाशी नेणारी ती 'कोल्ड एअर' नळी लावू नका. पहिल्या पावसात साचलेल्या पाण्यात गाडी घातली की ते पाणी सिलिंडरमध्ये जातं, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

काम करायचंच ठरलं तर आपली लाइन कापायला देऊ नका. भंगारातून किंवा अपघाताच्या गाडीची त्याच मॉडेलची मागची लाइन मिळते, फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) आणि हँगरच्या सळ्या शाबूत असलेली. नवा डबा तिच्यावर वेल्ड करून घ्या. तुमची मूळ लाइन बोल्ट काढून अखंड निघते. ती दोन्ही तोंडं बंद करून माळ्यावर टाका. गाडी विकायच्या वेळी किंवा तुमचाच विचार बदलला तर दोन बोल्ट, एक नवी गॅस्केट आणि तासाभराचं काम.